कोपऱ्यातला कान

"नावाचं सोडून देऊ या, छोटू. खुर्ची उलटी करून बघतंय कोण?"

टेबलाच्या पलीकडून बहीण भावाला म्हणाली. म्हणाली कसली, पुटपुटली. ओठ जेमतेम हलले असतील. आणि टेबलाच्या टोकाला, खिडकीजवळच्या कोपऱ्यात कराराच्या मसुद्यावर वाकून बसलेल्या वकीलकाकांचं पेन शब्दाच्या मध्येच थांबलं. मान त्यांनी वर केली नाही. मान खाली ठेवायची सवय इतकी जुनी होती, की आत काय झालं ते त्यांच्या टकलावरून कुणाला कळणं शक्य नव्हतं. पण आत झालं होतं खरं. त्यांना ऐकू आलं होतं.

या फर्निचरच्या कंपनीत थोरल्या मालकांपासून एक रीत होती. बोलणी करायला कुणी आलं आणि मध्येच त्यांना आपापसांत काही ठरवायचं असलं, की कंपनीची माणसं उठून पॅसेजमध्ये जायची आणि खोली पाहुण्यांना द्यायची. आलेल्या माणसाला जिन्यात उभं राहून कुजबुजायला लावणं थोरल्या मालकांना असभ्यपणाचं वाटे. तेव्हा काकाही सगळ्यांबरोबर बाहेर जात. पुढे काकांचे कान गेले. एकदम नाही, भिंतीचा रंग उडतो तसे, आधी कोपरे, मग कडा, मग एके दिवशी बघावं तर भिंतच निराळी. कुणीतरी कधीतरी म्हणालं असेल, की काकांना राहू द्या की बसलेले, त्यांना कुठे ऐकू येतंय. शिवाय त्यांना उठवायचं म्हणजे आधी खांद्याला हात लावा, मग खुणा करा, मग पॅडवर मोठ्या अक्षरांत लिहा. तेवढ्यात पाहुण्यांचं ठरवून मोकळं व्हायचं. तेव्हापासून काका खोलीतच. पाहुण्यांना सांगितलं जाई, "आमच्या वकिलांना ऐकू येत नाही, खुशाल बोला." पाहुणे एकदा दयेनं बघत, एखादा संशयी माणूस मोठ्यानं खोकून परीक्षा घेई, आणि मग सगळे खुशाल बोलत. कपाट, पंखा, कुंडी आणि काका.

त्याचं वाईट काकांना कधी वाटलं नव्हतं. मुळात ते लाजाळू. तरुणपणी कोर्टात उभे राहिले तेव्हा आवाज घशातून निघेपर्यंत न्यायाधीश पुढचं प्रकरण पुकारत, म्हणून तर ते कागदाच्या वकिलीकडे वळले. कागद थांबतो. बहिरेपणानं त्यांना जगाकडून एक मोठी सवलत मिळवून दिली होती: कुणी त्यांच्याकडून हजरजबाबीपणाची अपेक्षा करीत नसे. मागच्या आठवड्यात मुलगी आली, हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली आणि कानात वाटाण्याएवढं मशीन बसवून घेतलं. जुनं मशीन मोठं होतं, शिट्ट्या मारायचं. ते त्यांनी कधीच ड्रॉवरच्या हवाली केलं होतं. हे नवं आत बसलं की दिसतच नाही. "बाबा, कसं वाटतंय?" मुलीनं विचारलं, आणि त्या प्रश्नातला तिचा आवाज त्यांना अनोळखी वाटला, त्यांच्या आठवणीत ती अजून कॉलेजातल्या आवाजात बोलत होती. "बरं आहे," ते म्हणाले. रस्त्यावर आले तर स्वतःच्या बुटांना आवाज आहे हे कळलं. डावा बूट करकरत होता. किती वर्षं करकरत असेल आणि किती जणांनी सौजन्यानं ऐकून घेतला असेल, या विचारानं त्यांचे कान, मशीनसकट, लाल झाले.

मशीनचं त्यांनी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. लपवायचं असं नव्हतं. पण सांगायचं कसं? खोलीच्या मधोमध उभं राहून "मंडळी, मला ऐकू येतं" असं जाहीर करायचं? त्यापेक्षा कुणाला तरी आपोआप कळेल, मग त्याच्याकडून सगळ्यांना कळेल, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. त्यातही थोडा स्वार्थ होता. पान उलटताना कागद कुजबुजतो. टायपिस्टबाई टाइप करता करता स्वतःलाच "शाब्बास" म्हणते. लिफ्ट वर येताना दमल्यासारखी उसासते. हे सगळं त्यांना एकट्यानं, चोरून, थोडे दिवस ऐकायचं होतं.

आणि आज हे. भाऊ-बहीण एक छोटी सुतारशाळा चालवत होते. त्यांच्या वडिलांनी एक घडीची खुर्ची केली होती, उघडताना एकही खिळा न करकरणारी, मांडीवर घेता येईल इतकी हलकी. ती आता कंपनी मोठ्या संख्येनं काढणार होती. सगळं ठरत आलं होतं आणि एका कलमावर अडलं होतं. वडील प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली तापलेल्या शिक्क्यानं आपलं नाव उमटवत. ते नाव राहावं, असं या दोघांचं म्हणणं. खुर्ची कंपनीच्या नावानं विकली जाणार, तिथे दुसरं नाव नको, असं धाकट्या मालकांचं. सकाळभर याच्यावर घासाघीस झाली, मग बहिणीनं आपसात बोलायला वेळ मागितला, धाकटे मालक आणि त्यांचा मेहुणा उठले, खोली पाहुण्यांना.

"तू म्हणशील तसं, ताई," भाऊ म्हणाला. छोटू म्हणजे दाराची चौकट भरून टाकणारा माणूस होता. "पण बाबांचं नाव आहे."

"मला माहीत आहे कुणाचं आहे. तुझा खांदा मला दिसत नाही का? रंधा धरवत नाही तुला. हे फिसकटलं तर खुर्ची आपल्याबरोबरच संपेल. नाव गेलं तरी चालेल, खुर्ची राहिली पाहिजे." मग जरा थांबून, "पण लगेच नको सोडायला. उद्यापर्यंत हट्ट धरू."

"हळू बोल. ते वकील."

"त्या अस्वलाच्या कानाशी बँड वाजवला तरी हलणार नाही ते. पण अस्वल बरं आहे हं. काल त्या मेहुण्यानं पान उलटून डायरेक्ट सहीवर बोट ठेवलं, तर यांनी मागचं पान परत पुढे आणलं. वाचा म्हणून खूण केली."

अस्वल मसुद्यावर आणखी वाकलं. आपण अस्वलासारखे दिसतो हे काकांना नवीन होतं, आणि खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. शाळेत त्यांना 'बगळा' म्हणत. पण आता करायचं काय? पुस्तकं वाचून वाचून त्यांनी आयुष्यभर मनातल्या मनात मोठमोठे पेच सोडवले होते, राजांचे, सेनापतींचे. आणि त्या वेळी आपण असतो तर कसे ताठ उभे राहिलो असतो याची दृश्यंही रंगवली होती. आता पेच चालत आला होता आणि तो एवढासा होता: खोकायचं की नाही. आत्ता खोकलो, मान वर केली, "बाई, मला ऐकू येतं" म्हटलं, तर निम्मं वाचेल. पण ऐकून तर झालं होतं. काका तसेच बसून राहिले, आणि दार उघडून धाकटे मालक आत आले तेव्हा खोकायची वेळ निघून गेली होती.

बोलणी उद्यावर गेली. दुपारी केबिनमध्ये धाकटे मालक त्यांच्या तोंडाजवळ तोंड आणून नेहमीप्रमाणे ओरडले, "काका, नावावर अडून बसतील का हो? तुम्हाला काय वाटतं?" ते ओरडणं मशीनमधून असं आलं, की काकांच्या डोळ्यांपुढे तारे चमकले. याच पोराला त्यांनी, तो अर्ध्या चड्डीत ऑफिसात यायचा तेव्हा, स्टॅपलरनं खेळू नको म्हणून दटावलं होतं. आता तो त्यांचा पक्षकार होता, आणि पक्षकारानं सरळ प्रश्न विचारला होता. 'अडतील' म्हणणं खोटं. 'नाही अडणार' म्हणणं म्हणजे त्या बाईच्या बापाचं नाव स्वतःच्या हातानं पुसणं. काकांनी हात कानामागे नेला आणि म्हणाले, "आं?"

आयुष्यात हजारो वेळा ते "आं?" म्हणाले असतील. तो त्यांचा सगळ्यात प्रामाणिक शब्द होता. पहिल्यांदाच त्याची चव खोट्या नाण्यासारखी जिभेवर रेंगाळली.

"जाऊ दे," धाकटे मालक म्हणाले, आणि मेहुण्याकडे वळून साध्या आवाजात बोलू लागले, त्या आवाजात जो काका ऐकू शकत नाहीत असं सगळ्यांना माहीत होतं. "खरं म्हणजे राहू दे त्यांचं नाव. उलटी करून बघतंय कोण? माणसं खुर्चीवर बसतात. पण लगेच हो म्हणायचं नाही. उद्या जरा ताणू, त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी पदरात पाडून घेऊ."

"आणि या काकांच्या जागी तरुण कुणी बघा आता," मेहुणा म्हणाला.

"बघू. बसलेत कोपऱ्यात. कुणाला काय त्रास?"

काकांनी फाइल छातीशी धरली आणि बाहेर पडले. डावा बूट करकरला.

घरी जाताना ते बसमध्ये न बसता पायी निघाले, कारण हसू येत होतं आणि बसमध्ये एकट्यानं हसणं बरं दिसत नाही. दोन्ही बाजू सोडायला तयार. दोन्ही बाजूंचं कारणही अगदी शब्दाला शब्द तेच. आणि दोन्ही बाजू उद्या एकमेकांसमोर नाक वर करून बसणार. साऱ्या जगात हे फक्त एकाला माहीत होतं, आणि तो एक बहिरा होता. चौकात सिग्नल लाल होऊन हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, तरी काका फूटपाथच्या कडेलाच. किती सोपं होतं. बहिणीला नुसतं डोळ्यांनी सुचवायचं, की दम धरा बाई, ते देणार आहेत. कुणाचं काय बिघडणार होतं? नाव राहिलं असतं, खुर्ची राहिली असती, सगळे खूश. पण मग आपण कोण? ज्याचा पगार खातो त्याच्या मनातलं दुसऱ्याच्या कानात सांगणारा. आणि उलट केलं, मालकाला सांगितलं, तर दुसऱ्याच्या खोलीतून उचलून आणणारा. चांगल्या मनानं केलेली चोरी ही काय चोरी नव्हे? असे प्रश्न पुस्तकात असले की काका त्यांच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारत. इथे रेघ मारायला जागा नव्हती. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत होता, ती ऐकू येत होती, आणि तरी जुन्या सवयीनं ते बाजूला व्हायला विसरले. "अहो आजोबा, ऐकू येतं का?" तो जाता जाता म्हणाला. हाच तर प्रश्न होता.

घरात बायको भाजी निवडत होती आणि बोलत होती. ती दिवसभर बोलत असे, हे काकांना या आठवड्यात कळलं होतं. नवऱ्याचे कान गेल्यापासून तिनं बोलणं बंद केलं नव्हतं, फक्त उत्तराची वाट बघणं सोडून दिलं होतं. "आलात? बूट तिथेच काढा, हो, बरोबर मधोमध, म्हणजे मी अडखळेन. आता पुस्तक घेतील. घेतलं. दमलेले दिसतात. त्या मालकाच्या पोरानं छळलं असेल. डोळे बघा कसे ओढलेत, आणि शर्टाचं बटण... उद्या आठवणीनं लावायला हवं." मग कोथिंबिरीच्या काड्या खुडत ती गुणगुणू लागली. एक जुनी चाल होती. दर वेळी शेवटच्या ओळीपाशी ती थांबायची, कारण शब्द विसरली होती, आणि पुन्हा पहिल्यापासून धरायची. काका पुस्तकाआडून ते आठवडाभर ऐकत होते. सांगितलं तर ती गायची थांबेल, ही त्यांना भीती होती. मशीन कसं आहे असं तिनं पॅडवर लिहून विचारलं होतं, तेव्हा त्यांनी हात हलवून 'थोडंफार' अशी खूण केली होती.

आज त्यांनी पुस्तक मिटलं. "अगं," ते म्हणाले, "मला ऐकू येतं. सगळं."

खुडणं थांबलं. तिनं वर पाहिलं. आता ती रागावेल, किंवा आनंदून जवळ येईल, असं काकांना वाटलं. ती फक्त म्हणाली, "कधीपासून?"

"मशीन बसवलं तेव्हापासून."

ती मनातल्या मनात आठवडाभर मागे जाऊन आपण काय काय बोललो ते तपासून आली. तिच्या चेहऱ्यावर ते सगळे दिवस एकामागून एक येऊन गेले. काकांच्या बहिणीबद्दल बोललेला दिवस कोणता, तेही त्यांना ओळखता आलं. "ऐकलंत ते ऐकलंत," शेवटी ती म्हणाली. "कान आहेत, ऐकणारच. पण न ऐकल्याचं सोंग का केलंत? मी आपली वेड्यासारखी बोलतेय."

"तू गायची थांबशील म्हणून."

"थांबेनच," ती म्हणाली आणि भाजी घेऊन आत गेली. काकांना वाटलं, झालं, हरवलं. ते खुर्चीत बसून राहिले. पण आतून भांड्यांच्या आवाजाबरोबर तिचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच मोठा, "आणि तुमच्या बहिणीबद्दल बोलले त्यातलं एक अक्षरही मी मागे घेणार नाही, हे पण ऐकून ठेवा." मग थोड्या वेळानं चाल सुरू झाली. शेवटच्या ओळीपाशी अडली. काकांना शब्द येत होते. त्यांनी बसल्या जागेवरून, घोगऱ्या आवाजात, ते सांगितले.

सकाळी बायकोनं बटण लावून दिलं आणि काका ऑफिसात गेले. मालकाला आधी एकट्याला सांगावं, असं वाटेत दहादा मनात आलं; रीत तीच दिसत होती. पण मग मालकाला कळणार, की पाहुण्यांच्या मनात लपवण्यासारखं काहीतरी आहे, आणि पाहुण्यांना कळणार नाही की ते फुटलंय. नाही, दोघांनाही एकाच क्षणी कळलं पाहिजे. आणि कोणत्या कलमाबद्दल ऐकलं, हेसुद्धा तोंडातून निघता कामा नये. म्हणजे एका कलमापुरतं बाजूला होणं नाही, पुरतंच उठायचं. खोलीच्या मधोमध उभं राहून जाहीर करायचं. ज्याची भीती, नेमकं तेच.

धाकट्या मालकांनी ताणायला सुरुवात केली. बहिणीनं हट्ट धरला. दोघंही आपापलं काम इतकं चोख करत होते, की काकांना मध्येच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मग बहीण म्हणाली, "आम्हाला जरा वेळ द्या." खुर्च्या सरकल्या, मेहुण्यानं फोन उचलला, धाकटे मालक उठले. आणि कोपऱ्यातून काकाही उठले.

"तुम्ही बसा, काका," धाकटे मालक ओरडले आणि दोन्ही हातांनी बसण्याची खूण केली.

"ओरडू नका," काका म्हणाले. "मला ऐकू येतं."

पंखा फिरत होता. त्याच्या एका पात्याला बारीकशी टकटक होती, ती त्या शांततेत फक्त काकांनाच नाही, सगळ्यांना ऐकू आली.

"कधीपासून?" हे तिघांनी एकदम विचारलं: मालकांनी, मेहुण्यानं आणि बहिणीनं. मेहुण्याचा चेहरा काकांच्या बायकोच्या चेहऱ्यासारखाच मागे मागे जात होता, फक्त त्याला बरंच लांब जायचं होतं.

"आठवडा झाला. काल इथे बसलो होतो तेव्हाही." शब्द येत होते, कोर्टात यायचे त्याहून जरा बरे. "बाई, काल ही खोली तुमची होती. मी सांगायला हवं होतं, उठायला हवं होतं. लाजलो. जे कानावर पडलं ते मी यांना सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही."

बहीण टेबलाची कड धरून बसली होती. "हे तुमचे मालक ना? आणि तरी सांगणार नाही?"

"हो."

"काका," धाकटे मालक आता साध्या आवाजात म्हणाले, आणि साध्या आवाजात काकांना उद्देशून बोलण्याची त्यांची ती कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ होती, "तुम्ही वकील कुणाचे?"

"तुमचाच. म्हणून तर उठतोय. उद्या बाहेर कळलं, की या कंपनीत खोली पाहुण्यांना देतात आणि कोपऱ्यात कान ठेवतात, तर थोरल्या मालकांनी घालून दिलेल्या रीतीचं काय राहिलं? या खोलीत पुन्हा कोण खरं बोलेल? या प्रकरणात मी सल्ला देऊ शकत नाही. दुसरा वकील घ्या. नाहीतर तुमचं तुम्ही बोला. तसंही राहिलंय किती थोडं." हे शेवटचं वाक्य जास्तीचं झालं असं त्यांना लगेच वाटलं, आणि पुढे काही निसटू नये म्हणून ते चालू लागले. करकर, करकर. अख्ख्या आयुष्यातली त्यांची सगळ्यात लांब भाषणबाजी, आणि निरोप द्यायला एक बूट.

पॅसेजमध्ये मोठी खिडकी होती. दाराला काच होती, आतले ओठ दिसत होते, आणि इतक्या वर्षांत ओठांवरून थोडंफार वाचायला ते शिकले होते. म्हणून त्यांनी दाराकडे पाठ केली. मग कानातलं मशीन काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. जुनी शांतता परत आली, ऊबदार, जाड. फक्त या वेळी ती त्यांनी स्वतः ओढून घेतली होती. खाली रस्त्यावर एक माणूस गाद्या उन्हात टाकत होता, तोंडानं काहीतरी गात असावा. कोपऱ्यातली खुर्ची आता गेलीच असं समजायला हरकत नव्हती. कुणाला काय त्रास, हेच तिचं भाडं होतं, आणि ते आज थकलं. आत काय चाललं असेल? मालक आधी सोडतील की बाई? कदाचित दोघंही ताणत बसतील, आणि नावही जाईल, खुर्चीही. काकांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या शेजारीच, लाजच वाटावी असा, एक पोरकट आनंद बसला होता. शाळा बुडवून टेकडीवर गेलेल्या मुलाला वाटतो तसा. आपण बोललो. खोलीच्या मधोमध.

खांद्यावर हात पडला. धाकटे मालक होते. मागे भाऊ-बहीण, तिघंही एकदम काहीतरी सांगत होते. काकांनी खिशाला हात लावून मान हलवली. तेव्हा मालकांनी पॅड घेतलं आणि नेहमीच्या मोठमोठ्या अक्षरांत लिहिलं:

"नाव राहिलं. आधी मी सोडलं की ताईंनी, यावर अजून वाद चालू आहे. पुढच्या वेळी तुम्हीही आमच्याबरोबर बाहेर. आता तरी ते मशीन लावा."

काकांनी ते दोनदा वाचलं. 'पुढच्या वेळी' या शब्दांवर बोट टेकवलं, उगीच, कागद खरा आहे की नाही ते बघायला. भावानं आतून नमुन्याची खुर्ची आणली होती; एका झटक्यात, अजिबात आवाज न करता, ती उघडली आणि काकांपुढे ठेवली. काका बसले नाहीत. त्यांनी ती उचलली, सावकाश उलटी केली, चष्मा कपाळावर सारून बैठकीखालचं ते भाजलेलं नाव अक्षर अक्षर वाचलं. बहिणीनं तोंड दुसरीकडे वळवलं. मग काकांनी मशीन कानात बसवलं, आणि पॅसेज पुन्हा आवाजांनी भरला: मेहुणा कुठेतरी फोनवर फार हळू बोलत होता, लिफ्ट उसासत होती.

"काका," बहीण म्हणाली. तिचे डोळे ओले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात भलतंच काहीतरी दाबलेलं होतं. "काल मी तुम्हाला एका प्राण्याचं नाव ठेवलं होतं. ते पण ऐकलंत का हो?"

काकांनी हात कानामागे नेला.

"आं?" ते म्हणाले.